निवेदनात बसची ओळ घाला : इंदूरच्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
इंदूरमधील मराठी मंडळे, वसाहत समित्या आणि सांस्कृतिक संस्थांचे अध्यक्ष, कार्यवाह व सर्व पदाधिकारी

स. न. वि. वि.

आपल्या वसाहतींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक निवेदन सह्यांसाठी फिरते आहे. राज्याने पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट कमी करावा, अशी मुख्यमंत्र्यांना विनंती करणारे. मागणी खोटी नाही. पण त्या कागदावर शहराच्या बससेवेची जी ओळ असायलाच हवी ती नाही, म्हणून मी सही थांबवली आहे. का थांबवली, ते आपल्याला मोकळेपणाने सांगणे मला आवश्यक वाटते.

मी सुदामानगरात जेवणाचे डबे करते. डबे राजेंद्रनगरपासून विजयनगरपर्यंत जातात आणि ते पोचवणाऱ्या मुलांच्या गाड्यांचे पेट्रोल मी भरते. भाव वाढला की तो माझ्या वहीत लगेच दिसतो. चोइथराम मंडीतल्या भाजीच्या भावातून डिझेलची वाढ येते ती वेगळीच. तेव्हा पेट्रोल स्वस्त व्हावे असे मला वाटत नाही, असा अर्थ कृपा करून काढू नका.

आधी कराचे बघू. मध्य प्रदेशात नोव्हेंबर २०२१ च्या कपातीनंतर पेट्रोलवर २९ टक्के व्हॅट, वर लिटरमागे अडीच रुपये आणि १ टक्का उपकर अशी आकारणी आहे. डिझेलवर १९ टक्के, दीड रुपया आणि १ टक्का. म्हणजे पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे पंचवीस रुपयांहून जास्त रक्कम भोपाळला जाते. शेजारच्या गुजरातेत पेट्रोलवर १३.७ टक्के व्हॅट आणि ४ टक्के उपकर आहे. म्हणून अहमदाबादच्या रस्त्याला लागलेले लोक झाबुआतली पिटोलची सीमा ओलांडून पलीकडे टाकी भरतात आणि आपल्या बाजूचे पंपवाले तक्रारी करत राहतात. आपला कर जास्त आहे, यात शंका नाही. शिवाय तो टक्क्यांत असल्यामुळे कच्चे तेल महागले की राज्याची वसुली आपोआप वाढते. लोकांची ओढाताण होते त्याच महिन्यात तिजोरीत भर पडते.

पण कर उतरवून घेतल्यावर पुढे काय होते, हेही आपण पाहिलेले आहे. २०२० च्या वसंतात कच्चे तेल कोसळले. एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या वायद्याचा भाव तर शून्याखाली गेला. आपल्या पंपांवर तो उतार पोचलाच नाही, कारण केंद्राने मार्च आणि मेमध्ये मिळून पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क १९ रुपये ९८ पैशांवरून ३२ रुपये ९८ पैशांवर नेले. पुढच्या वर्षी इंदुरात पेट्रोलने शंभरी ओलांडली. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पाच रुपये उतरवले, राज्याने व्हॅट ३३ चा २९ केला. मे २०२२ मध्ये केंद्राने आणखी आठ रुपये सोडले. एप्रिल २०२५ मध्ये शुल्क पुन्हा दोन रुपयांनी वाढले. पंपावर ते जाणवले नाहीत, कारण तेव्हा कच्चे तेल उतरत होते. त्या उताराचा लाभ आपल्याऐवजी सरकारकडे गेला, एवढेच. तेल चढले की मिळालेली सवलत त्यात बुडते आणि तेल उतरले की कर वर सरकतो. दर दोन-तीन वर्षांनी निवेदन द्यायचे आणि दर वेळी तिथेच उभे राहायचे, असे चालले आहे.

पेट्रोल जीएसटीत आणा, असेही काही जण म्हणतात. कायद्यात तशी सोय आहे, तारीख मात्र जीएसटी परिषदेने ठरवायची. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि आत्ता नको म्हणून बाजूला ठेवला गेला. राज्यांच्या हातात स्वतःच्या मर्जीने लावता येतील असे मोजकेच कर उरले आहेत, ते हा सहजासहजी सोडणार नाहीत.

आणि सवलत मिळालीच तर ती जाते कोणाकडे? लिटरमागे पाच रुपये कमी झाले असे धरा. महिन्याला वीस लिटर जाळणाऱ्या स्कूटीवाल्याचे शंभर रुपये वाचतील. शंभर लिटर जाळणाऱ्या मोठ्या गाडीच्या मालकाचे पाचशे. माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या बाई द्वारकापुरीहून चालत येतात, कारण मॅजिकचे, म्हणजे माणसे वाटून नेणाऱ्या छोट्या गाडीचे, दोन वेळचे भाडे त्यांना परवडत नाही. त्यांच्या हातात थेट काहीच पडणार नाही. ज्याने जास्त जाळले त्याला जास्त मिळाले, अशी ही सवलत आहे.

मूळ दुखणे कराच्याही पलीकडचे आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो. इंदूरजवळच्या मांगलियाच्या डेपोतून आपल्या पंपांवर येणारे पेट्रोल घ्या. एक नळवाहिनी मुंबईहून मनमाडमार्गे मांगलियाला येते आणि पुढे दिल्लीच्या दिशेने जाते. आपल्या राज्यात बीनाला २०११ पासून तेलशुद्धीकरण कारखाना आहे, पण त्याचे कच्चे तेल गुजरातच्या किनाऱ्यावरच्या वाडिनारहून नऊशेहून अधिक किलोमीटरच्या नळातून येते आणि वाडिनारला ते जहाजातून उतरते. कारखाना माळव्याच्या शेजारी असला तरी तेल समुद्रापलीकडचेच. आखातात होर्मुझच्या सामुद्रधुनीत काही घडले की आपल्या राजवाड्यावर भाव हलतो. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर रशियाचे तेल सवलतीत मिळू लागले आणि एरवी दोन टक्केही नसलेला त्याचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला. त्यानेही पंपावरचा भाव फारसा हलला नाही. संकटासाठी विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादुरला जमिनीखाली साठे आहेत. तिन्ही मिळून क्षमता ५३ लाख टनांच्या आसपास, म्हणजे देशाच्या साधारण साडेनऊ दिवसांच्या गरजेएवढी. पश्चिम आशियातल्या बातम्या वाचताना हा आकडा मला आठवतो.

मग पर्यायी इंधन. इथे आपली मंडळी फार उत्साहाने बोलतात, आणि बोलावेच, पण प्रत्येक पर्यायाची किंमत कोण देतो तेही बघावे.

इथेनॉलचे उदाहरण आपल्या अंगणातलेच आहे. जून २०२२ मध्ये देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले गेले आणि २० टक्क्यांचे लक्ष्य २०३० वरून अलीकडे ओढून २०२५ मध्ये पुरे झाले. आयात थोडी कमी झाली, उसाला आणि मक्याला गिऱ्हाईक मिळाले, हे खरे. मात्र लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिले होते की जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी आणि दुचाकींचे तीन-चार टक्क्यांनी घटेल. माझ्या पोरांच्या गाड्या जुन्याच आहेत. भाव तोच आणि पल्ला कमी, म्हणजे न सांगता झालेली दरवाढच ती.

त्याहून मोठी गोष्ट शेतातली आहे. इथेनॉलसाठी मका आणि तांदूळ वापरला की मागे चोथा उरतो. त्यात प्रथिने भरपूर, आणि तो कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात स्वस्तात जातो. आजवर ती जागा सोयाबीनच्या पेंडीची होती. पेंडीला उठाव नाही तर सोयाबीनला भाव नाही. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि देवास, उज्जैन, सीहोरकडचे शेतकरी त्याखाली विकत होते. २०२५-२६ साठी तो ५,३२८ झाला आणि हमीभाव व बाजारभाव यांतला फरक भरून देणारी भावांतर योजना राज्याला आणावी लागली. भाव पडण्याचे हे एकमेव कारण नाही, स्वस्त खाद्यतेलाची आयातही आहे. पण सोयाबीनची राजधानी म्हणवणाऱ्या शहरात बसून आपण इथेनॉलचे नुसते कौतुक करावे, हे मला पटत नाही.

विजेच्या गाड्यांचे मी मनापासून स्वागत करते. डबे पोचवणारा एक मुलगा विजेच्या स्कूटरवर आहे आणि त्याचा खर्च पेट्रोलवाल्यांच्या मानाने अगदीच किरकोळ येतो. अडचण पहिल्या रकमेची आहे, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला चार्जिंगसाठी बोर्ड कोण देणार, याची. बाकीच्या मुलांना कर्ज मिळेना.

आता आपल्या शहराच्या अभिमानाच्या गोष्टीकडे येते. हे पत्र खरे तर तिच्यासाठीच लिहिले आहे.

देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा प्रकल्प आहे. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले. क्षमता दिवसाला ५५० टन ओला कचरा, त्यातून १७,००० किलो बायो-सीएनजी आणि १०० टन कंपोस्ट खत. परदेशातून लोक तो पाहायला येतात. ते सगळे शक्य झाले ते आपल्या घरांतल्या बायकांनी भाजीची देठे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या वेगवेगळ्या डब्यांत टाकायची सवय अंगी बाणवली म्हणून. ओला कचरा शुद्ध मिळाला नाही तर ही यंत्रे चालत नाहीत. इतर शहरांतले असे कितीतरी प्रकल्प मिसळलेल्या कचऱ्यापायीच अडले. म्हणजे हा वायू आपण पिकवलेला आहे. त्यासाठी आखातातून जहाज यावे लागत नाही आणि कुठल्या शेतकऱ्याचे पीकही पडत नाही. आपल्या शहराजवळ याहून चांगले पर्यायी इंधन नाही.

उद्घाटनाच्या वेळी सरकारी पत्रकात लिहिले होते की महापालिका यातला किमान निम्मा वायू विकत घेईल आणि त्यावर सिटी बस चालवील. मी साधा हिशोब मांडला. सीएनजीवरची शहरी बस एका किलोत तीन किलोमीटर जाते असे धरले आणि दिवसाला दोनशे किलोमीटर धावते असे धरले, तर सगळ्याच्या सगळ्या १७,००० किलोंवर अडीचशेच्या वर बस चालतील. एका बसमध्ये सरासरी तीस माणसे. ती सगळी दुचाकीवर गेली असती, एका गाडीवर सरासरी सव्वा माणूस, आणि गाडी लिटरला चाळीस किलोमीटर गेली असती, तर एका बसमागे दिवसाला १२० लिटर पेट्रोल लागले असते. अडीचशे बसना तीस हजार लिटर. बसमधले सगळेच गाडी सोडून आलेले नसतात, काही मॅजिकमधून, काही पायी येणारे असतात. निम्मे धरा, तरी रोजचे पंधरा हजार लिटर पेट्रोल या एका शहरात वाचते. ते न जाळलेले पेट्रोल आपल्याला कुठल्याही भावाने विकत घ्यावे लागत नाही.

याच हिशोबाची दुसरी बाजू मला जास्त काळजीत टाकते. त्या पंधरा हजार लिटरवर राज्याला दिवसाला पावणेचार लाखांच्या आसपास व्हॅट मिळाला असता. आपण गाडी घरी ठेवून बसमध्ये बसलो की सरकारचे उत्पन्न घटते. त्यामुळे बस वाढवण्याची निकड सरकारला आपणहून भासेल, अशी आशा धरून चालणार नाही. ती आपण लावून धरावी लागेल.

आणि इंदुरात बसचे काय झाले, ते आपण सगळे पाहतोच आहोत. २००५ मध्ये राज्य परिवहन महामंडळ बंद झाले. शहराच्या पुरती एआयसीटीएसएल कंपनीने २००६ पासून सिटी बस आणल्या आणि काही वर्षे आपल्याला त्यांचा खरोखर अभिमान होता. २०१३ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक अशी साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध बससाठी राखून ठेवलेली मार्गिका, सुरू झाली. बाजूच्या मार्गिकांत कोंडी व्हायची, चौकांत खोळंबा व्हायचा, हे मान्यच आहे. पण मधल्या मार्गिकेत तिथली बस, आयबस, वेळेवर धावायची आणि हजारो विद्यार्थी, नर्स, दुकानांतल्या मुली रोज तिच्यावर अवलंबून होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर ती काढायला सुरुवात झाली. तेव्हा आपल्या एकाही मंडळाने विचारले नाही की आता या बस कुठून आणि किती वेगाने जाणार. रेलिंग निघाले, गाड्यांना रस्ता मोकळा झाला, बस मात्र त्याच गर्दीत अडकली. मे २०२५ मध्ये मेट्रो सुरू झाली ती गांधीनगरकडच्या जेमतेम सहा किलोमीटरवर. तिचे पुढचे टप्पे होईपर्यंत माणसांनी जायचे कसे?

केंद्राच्या नगरविकास खात्याच्या मापदंडात हजार लोकांमागे ०.६ बस म्हणजे उत्तम सेवा, ०.४ म्हणजे ठीक. २०११ च्या जनगणनेत इंदूर वीस लाखांच्या घरात होते. त्या जुन्या लोकसंख्येलाही आठशे ते बाराशे बस हव्यात. आज शहर निपानिया, राऊ, सुपर कॉरिडॉरपर्यंत पसरले आहे.

आपली निम्मी नाती पुण्या-नाशकात आहेत. तिथली मावशी मार्च २०२३ पासून एसटीत अर्ध्या तिकिटात फिरते, पंचाहत्तरीच्या पुढचे काका फुकट फिरतात. एसटीच्या गाड्या जुन्या आहेत, तोट्यात आहेत, संप होतात, सगळे कबूल. तरी १९४८ पासून ती गावागावाला जाते. आपल्या राज्यात २००५ नंतर तसे काहीच नव्हते. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवेला मंजुरी दिली आहे. आपण आत्ता बोललो तर त्यात इंदूरला नीट जागा मिळेल.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, आमच्या सभासदांच्या घरी गाड्या आहेत, त्यांना बसची काय गरज. मला त्यांना आपल्याच कार्यक्रमांची आठवण करून द्यायची आहे. खंडवा रोडवरच्या सभागृहात नाटक असले की पहिल्या रांगांत कोण असतात? सत्तरीच्या पुढची जोडपी. मुले बंगळुरूला, नाहीतर बाहेरदेशी. रात्री गाडी चालवायला डोळे साथ देत नाहीत. नाटक संपेपर्यंत बस गेलेली असते, आणि रिक्षावाला लोकमान्यनगरला जायचे अवाच्या सवा मागतो. मग हळूहळू ती माणसे येणे थांबवतात. माझ्या डब्यांच्या यादीत अशी बरीच घरे आहेत जिथे गाडी दारात उभी आहे आणि चालवणारे कोणी उरलेले नाही. पेट्रोल पन्नास रुपये झाले तरी त्यांना घराबाहेर पडता येणार नाही. त्यांना बस हवी आहे, आणि ती रात्री साडेदहालाही हवी आहे.

म्हणून माझी विनंती अशी की व्हॅट कमी करण्याची मागणी राहू द्या, पण ती अशी मांडा : करातला टक्क्यांचा भाग रुपयांत बांधून टाकावा, म्हणजे तेल महागल्यावर वसुली फुगणार नाही, आणि शहरात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लिटरमागे ठरावीक रक्कम, निदान एक रुपया, त्याच शहराच्या बससेवेला द्यावी. दुसरा कागद महापौर आणि आयुक्तांच्या नावाने असावा. देवगुराडियात दर महिन्याला किती वायू तयार झाला, त्यातला किती बसला गेला आणि किती बाहेर विकला, हे आकडे पालिकेने जाहीर करावेत. या वायूवर ज्या बस चालवायचे सांगितले होते त्यातल्या किती आज रस्त्यावर आहेत, तेही. जो वायू आपण कचरा निवडून दिला म्हणून बनतो, त्याचा हिशोब मागायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

पैसे नाहीत, असे उत्तर येईल. तेव्हा त्यांना जलूदची आठवण द्या. नर्मदेचे पाणी उपसायला लागणाऱ्या विजेचे बिल कमी व्हावे म्हणून पालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे बाजारात आणले, जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. मागणी जवळजवळ सहापट आली. सामान्य गुंतवणूकदारांना खुले असे रोखे काढणारी ही देशातली पहिली महापालिका होती. आपल्यातल्या कित्येक निवृत्त मंडळींनी पैसे घातले होते. पाण्यासाठी हे जमले, तर बससाठी का जमू नये? बसच्या रोख्यांत मी माझ्या ऐपतीप्रमाणे पैसे घालीन.

आणि काही गोष्टींसाठी कोणाकडेच जावे लागत नाही. गणेशोत्सवाचे कार्यक्रम, दिवाळी पहाट, व्याख्यानमाला यांची सभागृहे ठरवताना जवळून बस जाते का, हे पाहा. कार्यक्रम संपण्याची वेळ आधी छापा. मोठ्या नाटकाच्या रात्री दोन बस भाड्याने ठरवा, एक सुदामानगर-राजेंद्रनगरकडे आणि एक तिलकनगरकडे. खर्च तिकिटात घाला, लोक देतील. त्या रात्री किती माणसे बसने गेली याची नोंद ठेवा. ती नोंद हातात घेऊन एआयसीटीएसएलकडे गेलो तर रात्रीच्या फेरीची मागणी नुसती तोंडी राहणार नाही.

दोन्ही निवेदनांचे मसुदे मी मराठीत आणि हिंदीत लिहून तयार ठेवले आहेत. आपल्या कार्यकारिणीची पुढची बैठक कधी आहे ते कळवावे. मी मसुदे घेऊन येते. त्यात जे दुरुस्त करायचे ते तिथे बसून करू, आणि माझी पहिली सही त्याच वेळी घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
डबे करणारी एक भगिनी
सुदामानगर, इंदूर